दुसरी आंघोळ

१

मी पाणीखात्यात आहे, पण माझा संबंध पाण्याशी नाही, आकड्यांशी. घराघरांत नवे मीटर बसलेत. दर काही सेकंदांनी किती पाणी वाहिलं ते मीटर स्वतःच कार्यालयाला कळवतात आणि तो सगळा ढीग माझ्या डोक्यावर येऊन आदळतो. तो उपसायला माझ्याकडे ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान आहे. सगळे त्याला नोटबुक म्हणतात. पानावर एकाखाली एक चौकटी असतात. चौकटीत कोड लिहायचा, चालवायचा, की खाली लगेच उत्तर येतं, नाहीतर आलेख. सांगताना फार सोपं वाटतं. प्रत्यक्षात चौकटीच्या डावीकडे कंसात एक तारा उमटतो, म्हणजे काम चालू आहे, आणि त्या ताऱ्याकडे बघत माझा अर्धा दिवस जातो. मग वर एक पट्टी येते की कर्नल, म्हणजे पानामागे बसून हिशेब करणारं इंजिन, बंद पडला, पुन्हा सुरू करा. सकाळपासून केलेलं सगळं गेलं पाण्यात.

त्या दिवशी तो तिसऱ्यांदा बंद पडला होता आणि साहेब पाठीमागे उभे होते. आम्ही त्यांना अर्जंट म्हणतो, कारण त्यांच्या कुठल्याच ईमेलला दुसरा विषय नसतो.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"तारा जाऊ दे, मग सांगते."

"तारा म्हणजे?"

"काही नाही. बसा तुम्ही जागेवर."

काम कंटाळवाणं होतं. काही मीटर एकच नोंद दोनदा पाठवत होते. अशा जुळ्या नोंदी शोधून काढून टाकायच्या होत्या. मी काढल्या. मग हातासरशी जरा पुढचं केलं. वेळ वेगळी पण पाण्याचा आकार हुबेहूब तोच, अशा जोड्या सापडतात का ते पाहिलं. सापडायला नको होत्या. पाणी वापरण्याची प्रत्येकाची तऱ्हा असते, पण तोच माणूससुद्धा आज कालच्यासारखा तंतोतंत वागत नाही.

एकच मीटर सापडला. रोज सकाळी कुणीतरी आंघोळ करत होतं. आधी मोठी धार, मग साबण लावताना नळ बंद, मग तीन छोट्या धारा, शेवटी एक लांब. आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच सगळं. दुसरी आंघोळ पहिलीवर ठेवली तर रेषेवर रेषा बसत होती.

बिघडलेला मीटर, असं म्हणून मी तक्रार लिहायला घेतली. त्यासाठी पत्ता लागतो. पत्ता आईचा निघाला.

२

आईने उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. लोकांची बोलणी जोडायची आणि तोडायची. निवृत्त झाल्यावर जोडायचं काम तिने सोडलं, तोडायचं चालू ठेवलं. फोनवर समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं तिला वेळेचा अपव्यय वाटतो.

"आई, तू सकाळी आंघोळ किती वेळा..."

"हा काय प्रश्न झाला?"

"मीटर दोनदा दाखवतोय."

"मग मीटरला विचार. आणि तू माझं पाणी कशाला मोजतेस? एवढं शिकवलं ते याच्यासाठी?"

"कामच आहे ते माझं."

"दुसऱ्यांची मोज," असं म्हणून तिने फोन ठेवला.

दादाला फोन केला. दादा माझा मोठा भाऊ. कुठल्याही प्रश्नावर तो 'बदलून टाक' हे उत्तर देतो. माझ्या नवऱ्याबद्दलही एकदा दिलं होतं.

"मीटर बदलून टाक," तो म्हणाला.

बदलून टाकला. खात्याचा माणूस गेला, जुना काढला, नवा लावला. आईने त्याला बूट काढायला लावले, स्पॅनर खाली ठेवायला वर्तमानपत्र दिलं आणि जाताना भिंतीवरचे बोटांचे ठसे पुसायला लावले. हे त्यानेच मला फोन करून सांगितलं. पुन्हा या घरी पाठवू नका, असंही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नव्या मीटरने दोन आंघोळी पाठवल्या.

आता मीटर बिघडलाय म्हणता येईना. मग नोंद वाटेत कुठे तरी अडकून उशिरा दुसऱ्यांदा येत असेल, असं मी स्वतःला समजावलं. ते मला पटलंही. पण मीटरवर एक साधी तबकडी असते. ती काही पाठवत नाही, नुसती फिरते. खालच्या चौकीदाराला विनवून मी ती आठवडाभर वाचायला लावली. तबकडीसुद्धा दोन माणसांचं पाणी मोजत होती.

३

चिडून मी आईच्या मीटरच्या अगदी सुरुवातीपासूनच्या नोंदी उघडल्या. एक चौकट, दुसरी, तिसरी. तारा गेला आणि खाली आलेख आला. पहिल्या आणि दुसऱ्या आंघोळीत किती अंतर आहे, ते दिवसागणिक मांडलेलं.

ती एक तिरकी रेघ होती. मधे कुठे अडखळलेली नाही, वाकलेली नाही.

आधी काहीच नव्हतं. नुसती सकाळची एक आंघोळ. मग एका संध्याकाळी, दिवेलागणीला, दुसरी उमटली. दुसऱ्या दिवशी ती किंचित अलीकडे आली. तिसऱ्या दिवशी आणखी किंचित. अशी सरकत सरकत दुपारवर आली, जेवणाच्या वेळेवर आली, आणि आता सकाळच्या पहिल्या चहापर्यंत येऊन पोचली होती. चौकट पुन्हा चालवली. कर्नल बंद करून, सगळं पुसून, पहिल्यापासून चालवली. रेघ तीच आली.

नवरा शेजारी बसून शेंगा सोलत होता. तो शाळेत गणित शिकवतो. त्याने मान वाकडी करून स्क्रीनकडे पाहिलं.

"छान रेघ आहे. कशाची?"

"आईच्या आंघोळीची."

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. लग्न टिकतं ते अशाने.

"तू ती पुढे वाढवलीस का?" थोड्या वेळाने तो म्हणाला. "शून्याला कधी लागते?"

मी वाढवली नव्हती. मला सुचलं नव्हतं असं नाही. तोच हात पुसून पुढे झाला, एक ओळ टाईप केली आणि चौकट चालवली. रेघ खाली उतरली आणि तळाला टेकली. पुढच्या आठवड्यात.

"म्हणजे तेव्हा दोन्ही एकाच वेळी होतील," तो म्हणाला. "मग आपोआप एकच दिसेल. मिटला प्रश्न."

तो पुन्हा शेंगा सोलायला लागला.

४

रविवारी सकाळी न सांगता आईकडे गेले. न सांगता आलेलं तिला खपत नाही. दार उघडून तिने आधी माझ्या चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिची आंघोळ झाली होती. केस ओले होते, अंगाला साबणाचा वास होता. बाथरूममध्ये काढून ठेवलेला चष्मा तिने माझ्या देखत आत जाऊन आणला आणि डोळ्यांवर चढवला. त्याच्याशिवाय तिला दाराची कडीही दिसत नाही.

"बस. चहा टाकते. आणि तोंड असं का केलंयस?"

"कसं?"

"माझं पाणी मोजल्यासारखं."

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. छोटं घर. स्वयंपाकघर, मधली खोली, आणि मधल्या खोलीतून बाथरूमचं दार. आधण ठेवलं होतं. आई मला सांगत होती की दादाने तिच्यासाठी घेतलेला मोबाइल किती बिनडोक आहे. तेवढ्यात आत पाणी सुरू झालं.

आधी मोठी धार. मग बंद.

मी आईकडे पाहिलं. ती बोलतच होती.

"आई, आत कोण आहे?"

"कुठे? वरच्यांचं पाणी आहे ते."

"तू सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतेस. वर टाकी आहे."

"मग टाकीचं असेल."

तीन छोट्या धारा झाल्या. त्यांची लांबी मला पाठ होती. स्क्रीनवर इतक्या वेळा पाहिली होती की पुढची कधी संपणार ते मी मनात मोजत होते, आणि ती तेव्हाच संपत होती. मी उठले. आईने माझं मनगट धरलं, नेहमीसारखं, जरा दुखेल असं.

"चहा गाळायचाय. बस."

मी हात सोडवून गेले. दार नुसतं लोटलेलं असूनही ते उघडेना. लाकूड फुगल्यावर अडकतं तसं अडकलं होतं. लांब धार संपली आणि दार हलक्या हाताने आत गेलं. आत कुणी नव्हतं. आरसा वाफेने भरला होता. साबणावर ताजा फेस होता, बुडबुडे अजून फुटत होते. टॉवेल मात्र कोरडा, घडी घातलेला.

परत येऊन बसले तेव्हा चहा गाळून ठेवलेला होता.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"नळ जुने आहेत."

"तू माझ्याकडे राहायला चल. आजच."

"तुझ्याकडे खिडकीतून भिंत दिसते."

"आई, मी मस्करी करत नाहीये."

"मीही नाही करत. या घरातलं पाणी मी भरते, दिवा मी लावते, दार मी उघडते. आवाज येतो म्हणून माणसं घर सोडायला लागली तर शहरात राहणार कोण?" तिने बशी माझ्याकडे सरकवली. "आणि तुला खरं सांगू, ते कुणाला त्रास देत नाही. आंघोळ करतं. तुझ्या नवऱ्यापेक्षा स्वच्छ आहे."

डोकं आपटायला भिंत शोधावी असं झालं, आणि हसूही आलं. चहा मात्र तिने फक्कड केला होता.

५

रेघ जिथे टेकत होती त्या दिवशी मी रजा टाकली. अर्जंटनी कारण विचारलं. आईची आंघोळ, असं लिहिता येईना, म्हणून घरगुती असं लिहिलं. दादाला ये म्हटलं तर तो म्हणाला, गीझर बदलून टाक.

मी पोचले तेव्हा आई बाथरूमकडे निघाली होती. हातात टॉवेल, डोळ्यांवर चष्मा. आजची उद्यावर ढकल, म्हणून सांगितलं. उशिरा कर, म्हणून सांगितलं. निदान दार उघडं ठेव म्हटलं.

"या वयात दार उघडं ठेवू? सरक," ती म्हणाली, आणि आत गेली.

मी मधल्या खोलीत खुर्चीवर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि नोटबुक उघडलं. आईच्या मीटरची शेवटची नोंद दाखवणारी चौकट तयार करून आणली होती. ती मी पुन्हा पुन्हा चालवत राहिले.

पाणी सुरू झालं. चौकटीखाली आकडा आला. रोजच्या दुप्पट.

नळ एकच होता, पण आवाज एका नळाचा नव्हता. दोन माणसं एकाच वेळी एकच वाक्य म्हणतात तेव्हा शब्द तेच असतात, पण जाड होतात. तसा तो होता. धार थांबली. साबणाची शांतता झाली. मग तीन छोट्या धारा. तिसरीनंतर शेवटची लांब धार सुरू झाली, आणि ती चालू असतानाच दार उघडून आई बाहेर आली.

केस ओले. कपडे नीट बदललेले. चष्मा नव्हता.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"तुझ्याकडे. तू म्हणत होतीस ना. येते मी."

मला इतकं हायसं वाटलं की मी लॅपटॉप बंद करून पिशवीत कोंबला. मग लक्षात आलं, पाणी अजून वाहतंय.

"नळ चालू राहिला, आई."

"होईल बंद. तू म्हणशील तसं."

नळ बंद करायला मी आत गेले. अर्ध्या उघड्या दारातून वाफ येत होती. शॉवरपुढे जाड काच आहे, तिच्यातून नीट दिसत नाही, रंग तेवढे दिसतात. काचेमागे कुणीतरी वाकलेलं होतं. एक कोपर काचेला लागलं, तिथली वाफ पुसली गेली. मग एक हात भिंतीवरून हळूहळू फिरला, फळी चाचपत, साबण शोधत, चष्म्याशिवाय माणूस शोधतो तसा.

आईचं प्रतिबिंब, मला वाटलं. पण आई माझ्या मागे उभी होती. तिचा हात माझ्या पाठीवर आला. ऊबदार, अगदी हलका.

"येतेस ना?" तिने विचारलं.

मी बाथरूमचं दार ओढून घेतलं. जिने उतरेपर्यंत मला वर पाण्याचा आवाज येत होता. मग खाली रिक्षाचा आवाज आला, आणि मग कुठलाच नाही.

६

आई आमच्याकडे रुळली. इतकी छान रुळली की नवरा पहिले काही दिवस दबकूनच वावरत होता, आता वादळ येईल, मग येईल. आलं नाही. खिडकीतून भिंत दिसते याबद्दल ती काही बोलली नाही. चहा पांचट झाला तरी प्यायली. दादा भेटायला आला आणि त्याने आणखी एक मोबाइल आणला. तिने तो घेतला आणि छान आहे म्हणाली. दादा जिना उतरताना मला म्हणाला, "काय केलंस गं तू हिला? चांगली झाली की."

ती फोनवर समोरच्याचं पुरं ऐकून घ्यायची. माझंही पुरं ऐकायची. माझं बोलून संपलं तरी ती बघत राहायची, अजून काही आहे का म्हणून. मला सवय नव्हती. वाक्याच्या शेवटापर्यंत पोचायची वेळ आयुष्यात कधी आली नव्हती, त्यामुळे शेवटी काय बोलायचं ते मला ठरवता येईना.

चष्मा तिने मागितला नाही. वर्तमानपत्र तशीच वाचायची.

"डोळे सुधारले बघ," नवरा म्हणाला. "हवापालट."

मी हो म्हणाले. तिच्या घराचे आकडे मी बघितले नाहीत. आई डोळ्यांसमोर बसून मटार सोलत असताना मीटर कशाला बघायचा, असं मी म्हणायचे. बरेच महिने हेच म्हणत राहिले.

७

मग अर्जंटनी रिकाम्या घरांमधल्या गळतीचा अहवाल मागितला. बंद घर, तरी पाणी वाहतंय, अशी सगळी शोधा. मी चौकट चालवली. तारा गेला. उत्तरात आईचं घर आलं.

ती गळती नव्हती. मोठी धार, शांतता, तीन छोट्या, एक लांब. रोज एकदाच, भर दुपारी.

आमच्या घरचा मीटरही त्याच ढिगात होता. आई आमच्याकडे रोज सकाळी आंघोळ करायची. तिची सकाळची आंघोळ आणि तिकडची दुपारची, दोन्ही एकावर एक ठेवल्या. रेषेवर रेषा बसली. मग अंतर मांडलं, अगदी सुरुवातीपासून आजपर्यंत.

रेघ शून्याला टेकून थांबलीच नव्हती. सरळ आरपार गेली होती आणि पलीकडे तशीच, त्याच चालीने वाढत होती. पाठलाग करणारं गाठून पुढे गेलं होतं. जी पुढे होती ती आता मागे पडत चालली होती. रोज किंचित, सकाळवरून दुपारवर, दुपारवरून संध्याकाळकडे. आणि दिवेलागणीच्या पलीकडे ही रेघ पहिल्यापासून कधीच नव्हती. तिथे ती सुरू झाली होती. म्हणजे तिथेच संपणार.

मी पिशवी उचलली. अर्जंट म्हणाले, "अहवाल?"

"अर्जंट आहे," मी म्हणाले आणि निघाले.

आईच्या घरात धूळ होती. स्वयंपाकघरातलं पातेलं पालथं होतं तसंच होतं. मी खुर्चीवर बसून वाट पाहिली. वेळेवर पाणी सुरू झालं. मी दाराशी गेले. दार अडकलेलं होतं.

"आई," मी म्हणाले.

"कोण? तू का?" आतून आवाज आला. चिडलेला. "किती हाका मारल्या. माझा चष्मा कुणी हलवलाय इथला? काही दिसत नाही."

मी तिथेच जमिनीवर बसले.

"आई, बाहेर ये."

"अंगाला साबण आहे."

"असू दे. तशीच ये."

"वेडी का काय? तू चहा ठेव, मी आलेच."

"आई, माझं ऐकून घे, तू..."

"तुझं काय ऐकायचंय? बसलेली असतेस ते यंत्र मांडीवर घेऊन. जा, आधण ठेव."

तिच्यासाठी अजून तीच सकाळ चालू होती. लांब धार संपली आणि दार आपणहून उघडलं. आत कुणी नव्हतं. जमीन ओली होती. साबण फळीवर होता, आणि चष्मा साबणाच्या मागे पडला होता. मी तो उचलून, पुसून, तिच्या हाताला लागेल असा पुढे ठेवला.

८

मग मी रोज जायला लागले. नोटबुक आज कोणती वेळ निघते ते सांगायचं, त्या हिशेबाने ऑफिसातून उठायचे. नवऱ्याला वाटलं मी घर आवरते. दादाला वाटलं मी घर विकायला काढणार, आणि तो खूश झाला.

रोज पाणी सुरू झालं की मी दाराबाहेरून बोलायचे. आदल्या दिवशी मी आले होते हे तिला कधीच आठवायचं नाही. रोज ती नव्याने वैतागायची, आणि रोज मी नव्याने चिडायचे. तीन छोट्या धारा आणि एक लांब, तेवढाच वेळ मिळायचा, आणि तो सगळा भांडण्यात जायचा. मी रडून सांगितलं, दरडावून सांगितलं, खोटं सांगितलं की घराला आग लागली आहे. "मग बरंय, आत पाणी आहे," ती म्हणाली. लगेच निघाली असती तर कदाचित बाहेर येणं जमलंही असतं, पण आई ती. तिला अंगावरचा साबण आधी धुवायचा होता.

दुपार सरली. सावल्या मधल्या खोलीत पार भिंतीपर्यंत यायला लागल्या. मग मी जाईपर्यंत घरात अंधारून यायचं, आणि मी दिवा लावून बसायचे. तिचा आवाज तेवढाच कडक होता, फक्त जरा लांबून यायचा, जुन्या फोनवर यायचा तसा.

काल मी भांडले नाही. पाणी सुरू झाल्यावर दाराला कपाळ टेकून बसले.

"आई, मला भीती वाटतेय," मी म्हणाले.

नळ बंद होता, साबणाची वेळ होती.

"कशाची?" तिने विचारलं. आणि पहिल्यांदाच थांबली, मी सांगेपर्यंत.

"घरी एक बाई आहे," मी म्हणाले. "ती माझं सगळं ऐकते."

"मग ती मी नाही," आई म्हणाली. दाराच्या पलीकडे काहीतरी सरकलं. "थांब. येते. मला दिसत नाहीये काही, हात दे."

दार चार बोटं उघडलं. वाफेतून हात बाहेर आला. साबणाचा, सुरकुतलेला, बोटं चाचपडत होती. मी तो दोन्ही हातांनी धरला. तिने माझं मनगट पकडलं, जरा दुखेल असं. मी ओढलं. ती यायला लागली. कोपरापर्यंत आली, खांदा दाराला घासल्याचं मला कळलं. ओल्या केसांची एक बट दिसली, आणि तिच्या मागे एक डोळा, बारीक करून मला शोधणारा.

आत तीन छोट्या धारा होऊन गेल्या आणि शेवटची लांब धार कुणीही न सोडता सुरू झाली. मी जोर लावला. ती म्हणाली, "अगं, हळू, घसरेन." मग धार संपली, आणि माझ्या हातात नुसता फेस राहिला.

आज चौकट चालवायची गरज नाही, वेळ मला ठाऊक आहे: दिवेलागण, रेघेचं शेवटचं टोक. उद्या अंधार पडल्यावर काही आहे की नाही, ते मला ठाऊक नाही.

काल घरी पोचले तेव्हा नवरा अजून आला नव्हता. दार आईने उघडलं. ती माझ्याकडे बघून हसली, मग तिची नजर माझ्या हातावर गेली. बाही कोपरापर्यंत भिजलेली होती आणि मनगटावर बोटांचे लाल वळ होते. तिने मला खुर्चीवर बसवलं, टॉवेल आणला आणि हात पुसायला लागली. एकेक बोट, सावकाश, कोरडं होईपर्यंत. फेसाचा शेवटचा ठिपका तिने अंगठ्याने पुसला.

"उद्यापासून तिकडे जाऊ नकोस," ती म्हणाली.

इतक्या महिन्यांत तिने मला कशालाच नाही म्हटलं नव्हतं. मी तोंड उघडलं. पण या वेळी माझं वाक्य पुरं होईपर्यंत ती थांबली नाही.